विश्लेषण : बारा शब्द गेले की सगळेच गेले! ‘मल्टी-चेन’ क्रिप्टो वॉलेटचा धोका नेमका कुठे?

बँकेच्या खात्यातून पैसे चुकीचे वळते झाले, तर वाशीम जिल्ह्यातील मालेगावचा खातेदार शाखेत जाऊन अर्ज देतो. तिथे दाद लागली नाही तर वरच्या कार्यालयात जातो, लोकपालाकडे तक्रार करतो. मोबाइलमधील क्रिप्टो वॉलेटला शाखा नसते, व्यवस्थापक नसतो आणि एकदा झालेला व्यवहार मागे फिरवण्याचा अधिकारही कोणाकडे नसतो. त्यातच आता एकाच अ‍ॅपमधून बिटकॉइन, इथेरियम, ट्रॉन, सोलाना अशा अनेक ‘चेन’वरील चलने हाताळता येणारी ‘मल्टी-चेन’ वॉलेट कोणत्याही स्मार्टफोनवर फुकट मिळतात. ही सोय मोठी आहे. पण सगळ्या कुलपांना एकच किल्ली लावली की ती हरवण्याची किंमतही तेवढीच वाढते. पुण्यातील गेनबिटकॉइन प्रकरण आणि मुंबईच्या वझीरएक्स एक्स्चेंजवरील सायबर हल्ला यांतून हाच धडा मिळतो.

मल्टी-चेन वॉलेट म्हणजे काय?

वॉलेट म्हणजे पैशांचे पाकीट, असा समज नावामुळे होतो. प्रत्यक्षात बिटकॉइन किंवा इतर कोणतेही चलन फोनमध्ये साठवलेले नसते. कोणत्या पत्त्यावर किती चलन आहे, याची नोंद त्या-त्या ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या खातेवहीत असते. वॉलेटमध्ये असते ती फक्त त्या नोंदीत बदल करण्याची किल्ली.

हे सातबाऱ्याच्या उदाहरणाने समजते. घरातला उतारा फाटला म्हणून जमीन जात नाही, कारण मूळ नोंद महसुली दप्तरात असते. जमीन विकायची तर मालकाची सही लागते. वॉलेट म्हणजे ती सही. आता एखाद्याची जमीन शिरपूर, मेडशी आणि किन्हीराजा अशा तीन गावांत असेल, तर सातबारे तीन असतील, पण सही एकाच माणसाची. मल्टी-चेन वॉलेटमध्ये नेमके हेच घडते. प्रत्येक चेनची खातेवही वेगळी, सही मात्र एकच. फरक इतकाच की जमिनीच्या व्यवहारात खोटी सही झाली तर तहसीलदार आणि न्यायालय आहे. ब्लॉकचेन मात्र किल्ली कोणाच्या हातात आहे हे विचारत नाही. किल्ली बरोबर असेल तर व्यवहार खरा.

बारा शब्दांना एवढे महत्त्व का?

वॉलेट पहिल्यांदा सुरू करताना अ‍ॅप बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द ठरावीक क्रमाने दाखवते. त्यांना ‘सीड फ्रेज’ किंवा ‘रिकव्हरी फ्रेज’ म्हणतात. हे शब्द २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून यादृच्छिक पद्धतीने निवडले जातात. या शब्दांतूनच गणिती सूत्राने प्रत्येक चेनसाठी वेगवेगळ्या किल्ल्या तयार होतात. फोन हरवला, फुटला किंवा बदलला, तरी नव्या फोनमध्ये हे शब्द त्याच क्रमाने टाकले की सगळ्या चेनवरील चलन पुन्हा दिसू लागते.

मालकाला मिळणारी हीच सोय चोरालाही मिळते. त्याला फोन नको, सिम नको, ओटीपी नको. शब्द मिळाले की जगातल्या कोणत्याही फोनवर तेच वॉलेट उघडते. अ‍ॅपचा पिन किंवा बोटाचा ठसा फक्त आपल्या हातातील फोनचे दार बंद ठेवतो, शब्दांचे रक्षण करत नाही. म्हणूनच शब्द फुटल्याचा संशय आला आणि वापरकर्त्याने फक्त पिन बदलला किंवा अ‍ॅप काढून पुन्हा टाकले, तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. अशा वेळी नव्या शब्दांचे नवे वॉलेट तयार करून शिल्लक तिकडे हलवणे, हाच उपाय उरतो. तो मिनिटांत करावा लागतो, कारण चोराचे काम बहुतेकदा स्वयंचलित प्रोग्राम करत असतो.

पुण्यातील प्रकरण काय सांगते?

गेनबिटकॉइन ही अमित भारद्वाज याने उभी केलेली योजना. गुंतवणूकदारांनी बिटकॉइन द्यायचे आणि दीड वर्षे दरमहा दहा टक्के परतावा घ्यायचा, असे आमिष होते. नव्या लोकांचे पैसे आटले तसे बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच टोकन परतावा म्हणून दिले जाऊ लागले. त्याची किंमत बिटकॉइनच्या तुलनेत अगदीच कमी होती. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि भारद्वाजला अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. देशभरातील गुन्हे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. फसवणुकीचा आकडा सुमारे ६,६०० कोटी रुपयांचा असल्याचा तपास यंत्रणांचा अंदाज आहे.

या प्रकरणाला मार्च २०२२ मध्ये आणखी एक वळण मिळाले. तपासात तांत्रिक मदतीसाठी घेतलेल्या दोन खासगी सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. त्यातील एक माजी आयपीएस अधिकारी होता. आरोपींच्या वॉलेटची माहिती तपासासाठी हाती आल्यावर त्यातील चलन त्यांनी परस्पर दुसरीकडे वळवले आणि वॉलेटमध्ये कमी शिल्लक दिसावी म्हणून स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केला, असा पोलिसांचा आरोप आहे.

आरोपाचा निवाडा न्यायालयात होईल. सामान्य वापरकर्त्यासाठी मुद्दा वेगळा आहे. वॉलेटची किल्ली ज्याच्या नजरेखालून गेली, तो त्या क्षणापासून मालकाइतकाच समर्थ होतो. तो पोलिसांचा तज्ज्ञ असो, मोबाइल दुरुस्तीवाला असो, ‘ट्रेडिंग शिकवतो’ म्हणणारा मित्र असो की टेलिग्रामवरचा ‘सपोर्ट एजंट’ असो. ‘फक्त बघायला’ दिलेली किल्ली असे काही क्रिप्टोमध्ये नसते.

शब्द ठेवायचे कुठे?

बहुतेक लोक पहिली चूक इथेच करतात. शब्द पडद्यावर आले की स्क्रीनशॉट काढला जातो किंवा ते व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवले जातात. फोटो आपोआप क्लाउडवर जातो आणि किल्लीच्या प्रती कुठेकुठे पोहोचल्या याचा पत्ता राहत नाही.

हा धोका कागदावरचा नाही. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘स्पार्ककॅट’ नावाच्या घातक प्रोग्रामचा अहवाल प्रसिद्ध केला. तो नेहमीच्या वाटणाऱ्या अ‍ॅपमध्ये लपलेला होता आणि फोटो पाहण्याची परवानगी मिळाली की गॅलरीतील चित्रांवरचा मजकूर वाचून वॉलेटचे शब्द शोधत असे. अशी अ‍ॅप गुगल प्ले आणि अ‍ॅपल अ‍ॅप स्टोअर या दोन्ही अधिकृत दुकानांत सापडली. गुगल प्लेवरून ती दोन लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाली होती.

त्यामुळे शब्द कागदावर पेनाने लिहावेत, क्रमांकासह लिहावेत आणि लिहून झाल्यावर एकदा पडताळावेत. कागदाच्या दोन प्रती दोन वेगळ्या सुरक्षित जागी ठेवाव्यात, म्हणजे आग, पाणी किंवा वाळवीने एक गेली तरी दुसरी उरते. फोटो, ई-मेल, गुगल ड्राइव्ह, नोट्स अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप यांपैकी कशातही ते नसावेत. कोणत्याही संकेतस्थळाने ‘वॉलेट व्हेरिफाय’, ‘सिंक’ किंवा ‘अपग्रेड’ करण्यासाठी हे शब्द मागितले, तर ती फसवणूक समजावी. खरी वॉलेट कंपनी हे शब्द कधीही विचारत नाही.

नेटवर्क चुकले तर पैसे जातात का?

मल्टी-चेन वॉलेटमधील सर्वांत गोंधळाची जागा हीच. ‘यूएसडीटी’ हे डॉलरच्या किमतीशी बांधलेले चलन इथेरियम, ट्रॉन, बीएनबी चेन, सोलाना अशा अनेक नेटवर्कवर चालते. नाव एकच असले तरी खातेवह्या वेगळ्या आहेत. पाठवणाऱ्याने एक नेटवर्क निवडले आणि घेणाऱ्याची व्यवस्था दुसऱ्या नेटवर्कची असेल, तर रक्कम समोरच्याच्या खात्यात दिसत नाही.

यात दोन प्रकार पडतात. इथेरियम, बीएनबी चेन आणि पॉलिगॉन यांच्या पत्त्यांची रचना सारखीच असते. तिन्हींचे पत्ते ‘शून्य-एक्स’ने सुरू होतात आणि एका वॉलेटमध्ये तिन्हींवर सहसा तोच पत्ता असतो. इथे स्वतःच्याच वॉलेटकडे पाठवताना नेटवर्क चुकले, तर किल्ली आपल्याकडेच असल्याने त्या नेटवर्कवर जाऊन रक्कम मिळवता येते. पण एक्स्चेंजच्या पत्त्यावर त्याला मान्य नसलेल्या नेटवर्कने रक्कम पाठवली, तर किल्ली एक्स्चेंजकडे असते. ती परत मिळणे मग सर्वस्वी त्या कंपनीच्या तयारीवर अवलंबून राहते.

ट्रॉनचा पत्ता ‘टी’ या अक्षराने सुरू होतो, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धा गोंधळ टळतो. पाठवण्याआधी समोर कोणते नेटवर्क लिहिले आहे ते जुळवावे आणि मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी छोटी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी. प्रत्येक नेटवर्कचे शुल्क त्याच्याच चलनात द्यावे लागते, हेही ध्यानात हवे. ट्रॉनवर यूएसडीटी आहे, पण शुल्कासाठी लागणारे ‘टीआरएक्स’ नाही, तर ती रक्कम सहसा जागची हलवता येत नाही.

‘अप्रूव्ह’ दाबण्यात काय धोका आहे?

शब्द कोणालाही न देता वॉलेट रिकामे होऊ शकते, हे अनेकांना माहीत नसते. एखाद्या संकेतस्थळाला वॉलेट जोडले की ते ‘अप्रूव्ह’ किंवा ‘साइन’ करण्याची विनंती पाठवते. त्यातल्या काही परवानग्या ‘या टोकनची कितीही रक्कम, कधीही काढून घ्या’ अशा स्वरूपाच्या असतात. कोऱ्या धनादेशावर सही करण्यासारखेच हे आहे. फुकट टोकन, ‘एअरड्रॉप’, बक्षीस अशा नावांनी आलेल्या दुव्यांमागे अनेकदा असाच कोरा धनादेश असतो.

यात जाणकारही फसतात, हे वझीरएक्सच्या प्रकरणात दिसले. १८ जुलै २०२४ रोजी या एक्स्चेंजच्या इथेरियमवरील एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांचे चलन चोरीला गेले. ते वॉलेट एका सहीने उघडणारे नव्हते. कंपनीच्या तिघांच्या आणि कस्टडी सेवा देणाऱ्या लिमिनल या कंपनीच्या एका सहीनंतरच व्यवहार होत असे. सह्यांसाठी हार्डवेअर वॉलेटही होते. तरीही पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत फरक होता, असे वझीरएक्सने सांगितले. दोष कोणाचा, यावरून दोन्ही कंपन्यांत वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे म्हटले. ग्राहकांचे व्यवहार मात्र ऑक्टोबर २०२५ पर्यंत, म्हणजे सव्वा वर्षे अडकून पडले.

म्हणून सही कशावर होते आहे ते कळत नसेल, तर सही करू नये, हा साधा नियम इथेही लागू होतो. अनोळखी संकेतस्थळांसाठी वेगळ्या शब्दांचे, अगदी थोडी रक्कम असलेले वॉलेट वापरावे. बचतीचे वॉलेट कशालाही जोडू नये. रक्कम मोठी असेल तर किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारे हार्डवेअर वॉलेट घ्यावे, मात्र ते सीलबंद आणि कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच. डब्यात आधीच छापलेले बारा शब्द मिळाले, तर ते उपकरण वापरू नये. जुन्या परवानग्या वेळोवेळी तपासून रद्द करण्याची सोय अनेक वॉलेटमध्ये असते, तीही वापरावी.

सध्या कोणते सापळे लावले जातात?

पहिला सापळा सारख्या दिसणाऱ्या पत्त्याचा. पत्ता लांबलचक असल्याने लोक सुरुवातीची आणि शेवटची चार-पाच अक्षरेच पाहतात. चोर तीच अक्षरे असलेला पत्ता तयार करतो आणि त्यावरून नगण्य रकमेचा व्यवहार करून तो वॉलेटच्या इतिहासात घुसवतो. पुढच्या वेळी मालक इतिहासातून पत्ता कॉपी करतो आणि रक्कम चोराकडे जाते. मे २०२४ मध्ये एका वापरकर्त्याने याच प्रकारे १,१५५ ‘रॅप्ड बिटकॉइन’, म्हणजे त्या वेळचे सुमारे ७ कोटी डॉलर गमावले होते. त्यातील बहुतांश रक्कम चोराने पुढे परत केली, पण अशी परतफेड हा अपवाद आहे. पत्ता इतिहासातून न घेता दर वेळी मूळ ठिकाणाहून घ्यावा आणि मधली अक्षरेही जुळवावीत.

दुसरा सापळा लोभाचा. यूट्यूबच्या किंवा टेलिग्रामच्या संदेशांत कोणीतरी भोळेपणाचा आव आणून स्वतःचे बारा शब्दच लिहितो आणि ‘यातले यूएसडीटी कसे काढू?’ असे विचारतो. वॉलेट उघडले तर खरोखर शिल्लक दिसते. ती काढण्यासाठी शुल्काचे टीआरएक्स टाकावे लागतात. ते टाकताच क्षणात दुसरीकडे वळवले जातात. यूएसडीटी मात्र हलत नाहीत, कारण त्या खात्याचा ताबा आधीच दुसऱ्या किल्लीकडे दिलेला असतो.

तिसरा सापळा बनावट अ‍ॅपचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरमध्येच ‘लेजर लाइव्ह’ची नक्कल सापडली होती. वॉलेटचे अ‍ॅप शोधून न घेता कंपनीच्या संकेतस्थळावरील दुव्यावरूनच घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘एपीके’ फाइल तर उघडूच नये.

यूएसडीटी विकल्यावर बँक खाते का गोठते?

एक्स्चेंज टाळून व्यक्ती ते व्यक्ती, म्हणजे ‘पी-टू-पी’ पद्धतीने यूएसडीटी विकले की दर थोडा जास्त मिळतो आणि पैसे यूपीआयने लगेच खात्यात येतात. पण खरेदीदाराने पाठवलेले पैसे सायबर फसवणुकीतले असतील, तर तक्रारीचा माग विक्रेत्याच्या खात्यापर्यंत येतो. तक्रार दुसऱ्या राज्यात झालेली असते, खाते गोठते मालेगावात. त्याच खात्यात सोयाबीन विकल्याचे पैसे किंवा पीकविम्याची रक्कम असेल, तर तीही अडकते. चौकशीचे उत्तर शेकडो किलोमीटर दूरच्या पोलिस ठाण्याला द्यावे लागते. कमिशनच्या आशेने आपले खाते दुसऱ्याला वापरू देणाऱ्यावर तर थेट गुन्हाच दाखल होऊ शकतो.

भारतात क्रिप्टो चलनाला कायदेशीर चलनाचा दर्जा नाही, पण ते बाळगण्यावर बंदीही नाही. मार्च २०२३ पासून क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्यांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले असून त्यांना ‘फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट’कडे नोंदणी करावी लागते. नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि त्यावर उपकर आहे. एका चलनातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. ठरावीक मर्यादेपुढील व्यवहारांवर एक टक्का ‘टीडीएस’ही कापला जातो. चलन स्वतःच्या वॉलेटमध्ये आहे म्हणून करातून सुटका होत नाही, त्यामुळे व्यवहारांची नोंद ठेवणे गरजेचे आहे. बँक ठेवींना मिळणारे पाच लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण मात्र इथे नाही.

पैसे गेलेच तर काय करावे?

आधी उरलेली रक्कम वाचवावी. शब्द फुटले असतील तर एका चेनवरील चोरी दिसताच बाकी सर्व चेनवरील शिल्लक नव्या वॉलेटमध्ये हलवावी, कारण किल्ली सगळ्यांची एकच आहे. लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा, ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जावे. सोबत स्वतःचा आणि चोराचा पत्ता, नेटवर्कचे नाव, व्यवहाराचा क्रमांक, म्हणजे ‘हॅश’, वेळ आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट असावेत. वॉलेटचे शब्द तक्रारीत लिहू नयेत.

रक्कम यूएसडीटीमध्ये असेल, तर ते चलन जारी करणारी टेदर कंपनी पोलिसांच्या विनंतीवरून चोराचा पत्ता गोठवू शकते. चोरीची रक्कम एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचली, तर तिथेही ती अडवता येते. बिटकॉइनसारखे चलन चोराच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये असेपर्यंत असे गोठवणारे कोणीच नसते. म्हणून पहिल्या काही तासांना महत्त्व आहे. त्यानंतर ‘तुमची रक्कम परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असे सांगणारे भेटतात. ती त्याच जखमेवरची दुसरी लूट असते.

मालकाच्या पश्चात काय?

सुरक्षिततेची आणखी एक बाजू सहसा चर्चेत येत नाही. शब्द इतके लपवले की घरातही कोणाला ठाऊक नाहीत आणि मालकाचे अचानक निधन झाले, तर ते चलन ब्लॉकचेनवर कायम दिसत राहते, पण कोणालाही मिळत नाही. जमिनीला वारसाच्या फेरफाराची नोंद होते. बँकेत नामनिर्देशन असते, नसेल तर वारस दाखला चालतो. वॉलेटसमोर असा कोणताही दाखला चालत नाही.

म्हणून शब्द घरच्यांना आज सांगण्याची गरज नसली, तरी वॉलेट आहे, ते कोणते आहे आणि बंद पाकीट कुठे ठेवले आहे, एवढे एका विश्वासू वारसाला माहीत असावे. स्वतः मालक होण्याची सोय देणाऱ्या या तंत्रात बँकेचा व्यवस्थापक, तलाठी आणि पहारेकरी ही तिन्ही कामे मालकालाच करावी लागतात. ती करण्याची तयारी नसेल, तर त्या वॉलेटमध्ये बुडाली तरी चालेल इतकीच रक्कम ठेवलेली बरी.